सातवी चोच

ऑक्टोपसला चोच असते, हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, कशाला? खायला, दुसरं कशाला. अंगात हाड नाही, बाहेरून कवच नाही, पण पोट तर सगळ्यांनाच असतं. तेव्हा आठ हातांच्या बरोबर मधे, जिथे तोंड असतं तिथे, पोपटासारखी काळी चोच बसवलेली असते. फरक एवढाच की पोपटाची वरची चोच खालचीवर येते आणि इथे खालची वरचीवर. खेकड्याचं कवच फोडायचं ते तिच्यानंच. आणि हाच ऑक्टोपस उद्या कोणा मोठ्या माशाच्या पोटात गेला, की त्याची तीन हृदयं, निळं रक्त, आठ हात सगळं विरघळून जातं. उरते फक्त चोच.

अशा उरलेल्या चोचींवर एका बाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली. समुद्री प्राण्यांच्या संग्रहालयात, मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. तिथे बर्फात घातलेली मोठ्या माशांची पोटं यायची, बहुतेक शार्कची आणि वामींची. पोट चिरायचं, आतला ऐवज बारीक चाळणीवर धुवायचा, चिमट्यानं चोची वेचायच्या, मायक्रोस्कोपखाली मोजायच्या, कुठल्या जातीच्या ते ठरवायचं आणि चिठ्ठी लिहून स्पिरिटच्या कुपीत घालायच्या. चोच कोरडी पडली तर तडकते, म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक कुपीतलं स्पिरिट बघायचं. हे काम ऐकायला कसंही वाटलं तरी त्यावरूनच समुद्रात कोण कोणाला खातं आणि किती खातं, हे कळत होतं. पाण्यात डोकावून ते दिसत नाही.

पगारपत्रकावर त्या 'तांत्रिक सहायक' होत्या, पण सगळी इमारत त्यांना चोचीबाईच म्हणायची. घरी सासूबाई 'अगं ए' म्हणायच्या, नवरा 'ऐकलंस का' म्हणायचा, लग्न होऊन गेलेली मुलगी 'आई' म्हणायची. आपलं खरं नाव बाईंच्या कानावर पडायचं ते दवाखान्यात नंबर पुकारला की. त्याबद्दल त्यांची तक्रार होती असं नाही. तक्रार करायला वेळ कुणाला होता?

त्या किनाऱ्याला ऑक्टोपसच्या सहा जाती होत्या आणि बाईंच्या खोलीत सहा कप्पे. ऑक्टोपसची जात ठरवणं हे सोपं काम नाही. तो घटकेत लाल, घटकेत पांढरा, आत्ता गुळगुळीत तर आत्ता काटेरी, त्यामुळे रंगरूपावर विसंबलात की फसलात. हातांवरच्या चिकटायच्या वाट्या एका ओळीत आहेत की दोन ओळींत, कुठला हात किती लांब, कल्ल्याच्या पाकळ्या किती, नराच्या उजवीकडच्या तिसऱ्या हाताचं टोक कसं आहे, हे सगळं बघायचं असतं. हे सगळं बघून ज्या प्राण्यांची जात पक्की ठरली, त्यांच्या चोची काढून नमुना म्हणून एकेका कप्प्यात ठेवल्या होत्या. पहिला कप्पा सगळ्यात मोठ्या संख्येच्या जातीचा, जी धक्क्याखालीसुद्धा सापडते. सहावा कप्पा खोल पाण्यातल्या, कानांसारखे पर असलेल्या जातीचा. पोटातून चोच आली की तिची या नमुन्यांशी गाठ घालायची.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाईंच्या चिमट्यात एक चोच आली, जी कुठेच बसेना. टोक लांब, खाली वळलेलं, सुईसारखं धारदार. बाकी सहाही जातींची टोकं आखूड आणि बोथट. त्यांनी ती वेगळी ठेवली. महिन्याभरात तशा चार झाल्या, वर्षाअखेर अकरा. विभागाचे प्रमुख असलेल्या सरांनी आधी सहा महिने हे मनावरच घेतलं नाही. मग एक दिवस दुपारभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, उठले आणि म्हणाले, "बाई, हा आपल्याकडे नसलेला प्राणी आहे." दुसऱ्या दिवशी सुतार येऊन सातवा कप्पा करून गेला.

तेव्हापासून सर सातव्याच्या मागे लागले. खोल पाण्यात जाळी टाकली, तीनदा बोटीनं गेले, तिन्ही वेळा बोट लागून ओकत ओकत परत आले. सातवा काही सापडला नाही. पोटांमधून मात्र त्याच्या चोची येतच राहिल्या. सरांनी चोची ओळखण्याचं जे पुस्तक लिहिलं, त्यात एकामागून एक प्रश्न होते, आणि पहिलाच प्रश्न होता: टोक लांब आणि धारदार, की आखूड आणि बोथट? लांब असेल तर सरळ सातवी, पान अमुक. आखूड असेल तर पुढचे प्रश्न. किनाऱ्याकिनाऱ्यावरची शिकाऊ पोरं या पुस्तकावर शिकली.

आता सर एक्याऐंशीचे होते. निवृत्त होऊन वीस वर्षं लोटली होती, डोळ्यांनी जवळजवळ दगा दिला होता, आणि पुस्तकाची तिसरी आवृत्ती छापायला गेली होती. वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "बाई, सातव्याला नाव देतोय. प्राणी नसला तरी चोच आहे. नुसत्या चोचीवरून नाव दिल्याचं पूर्वी झालेलं आहे, फारसं चांगलं मानत नाहीत, पण नियमात बसतं. नाव तुमचं देतोय."

बाई "बरं, सर" म्हणाल्या, फोन ठेवला आणि स्पिरिटचे डबे ठेवतात त्या खोलीत जाऊन पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना आनंद झाला होता. इतका, की तो घेऊन कुठे जावं ते सुचेना.

घरी त्यांनी जेवताना सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, खिडकीशी टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून. तोही भिंगवाला, बायकोही भिंगवाली. आमच्या घरात दोघंही एक डोळा मिटून संसार बघतो, असं तो पाहुण्यांना सांगायचा. त्यानं बायकोच्या नावाला लॅटिन शेपूट लावून दोनतीनदा म्हणून पाहिलं आणि खूश झाला. सासूबाईंनी मात्र उलटतपासणी सुरू केली.

"राहतं कुठे हे जनावर?"

"माहीत नाही."

"दिसतं कसं?"

"कोणी पाहिलेलं नाही अजून."

"म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल," सासूबाई म्हणाल्या आणि भाताला लागल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना बातमी कळलेली होती. शेजारणीनं विचारलं, कुठल्या प्राण्याला नाव दिलं? आठ हातांच्या, सासूबाई म्हणाल्या, बाईच्या जातीला शोभेल अशाच.

पुस्तकाची प्रुफं सोमवारी सरांच्या घरी आली. शुक्रवारी परत जायची होती. आणि मंगळवारी सकाळी टाकीवाले हातात घमेलं घेऊन दुसऱ्या मजल्यावर आले.

टाकीवाले म्हणजे खाली तळमजल्यावर लोकांना बघायला ज्या काचेच्या टाक्या होत्या, त्यांची देखभाल करणारे गृहस्थ. त्यांच्याकडे वर्षभरापासून पहिल्या जातीचा एक ऑक्टोपस होता. खाणं द्यायला उशीर झाला की तोंडावर पाण्याची चूळ मारायचा, म्हणून त्यांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. मग एक दिवस कपारीच्या छताला अंड्यांच्या माळा लटकलेल्या दिसल्या आणि साहेब बाळंत झाले म्हणून सगळी इमारत बघायला लोटली. त्या दिवसापासून साहेबीण जेवली नाही. अंड्यांच्या माळांवरून हात फिरवायची, पाण्याचा झोत मारायची, कोणी काचेला बोट लावलं की अंग फुगवायची. समोर सोडलेला खेकडा तिच्या डोळ्यांदेखत फिरून फिरून मोठा झाला, कात टाकून पुन्हा मोठा झाला. साडेचार महिने असे गेले. आदल्या दिवशी अंडी फुटून पिल्लं निघाली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि सकाळी साहेबीण टाकीच्या तळाशी मरून पडलेली होती.

"एरवी आम्ही टाकून देतो," टाकीवाले म्हणाले. "पण हिला टाकवेना. तुम्ही चोच तरी ठेवून घ्या, बाई."

आली तेव्हा अडीच किलो होती, आता एक किलोही भरली नाही. कातडी पांढुरकी, ठिकठिकाणी सुटलेली. बाईंनी हात उलटे पसरले, तोंडाभोवती सुरी फिरवली, आतला गोळा काढून कोमट पाण्यात ठेवला आणि कालच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. तासाभरानं मांस सैल झालं. चिमट्यानं दोन्ही चोची सुट्या केल्या, धुतल्या, तळहातावर घेतल्या.

टोक लांब होतं. खाली वळलेलं, सुईसारखं.

बाईंना आधी कळलंच नाही की आपण उठून उभ्या राहिलो आहोत. सातवा सापडला होता. एकोणतीस वर्षं जो खोल समुद्रात शोधला, तो वर्षभर खाली काचेच्या टाकीत बसून टाकीवाल्यांच्या तोंडावर पाणी उडवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपलं नाव लागणार तो प्राणी आपल्यासमोर घमेल्यात आहे, त्याला आठ हात आहेत, डोळे आहेत. त्यांनी ओल्या हातानंच टाकीवाल्यांना फोन लावला.

"ही कुठून आणली होती?"

"धक्क्याखालून. मासेमारीच्या जाळ्यात आली होती. तुम्हीच नाही का जात लिहून दिली? कार्ड आहे माझ्याकडे. पहिली जात, मादी. सही तुमची."

आपण तेव्हा चुकलो असू, असं बाईंना वाटलं. चुकलो असू तर फार चांगलं. त्या घमेल्याशी बसल्या आणि पहिल्यापासून सगळं मोजलं. वाट्यांच्या ओळी दोन. हातांची लांबी, चढता क्रम, जसा पहिल्या जातीचा असतो तसाच. कल्ल्याच्या पाकळ्या तेवढ्याच. डोळ्यांवरचे कातडीचे उंचवटे तेच. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ती पहिलीच निघाली. बंदरावरच्या कोणत्याही टोपलीत मिळेल अशी.

मग त्यांनी ती चोच मायक्रोस्कोपखाली ठेवली, शेजारी पहिल्या कप्प्यातली एक नमुन्याची चोच ठेवली, आणि कागदाचा एक कपटा फाडून दोन्हींची टोकं झाकली. टोकाच्या मागचं सगळं हुबेहूब. कडेची वळणं तीच, पंखासारख्या भागाची रुंदी तीच. इतक्या वर्षांत असं टोक झाकून कोणी बघितलंच नव्हतं. बघणार कोण? पुस्तकातला पहिला प्रश्नच टोकाचा होता. टोक लांब दिसलं की माणूस सातवीच्या पानावर जायचा आणि पुढचे प्रश्न त्याला कोणी विचारायचंच नाही. तो प्रश्न सरांनी घातला होता, पण सरांना तो बाईंनीच सुचवला होता.

नोंदवह्या काढल्या. सातव्या जातीच्या चोची दरवर्षी त्याच ठराविक चार महिन्यांत आलेल्या होत्या. लहान सातवी एकदाही आली नव्हती, चारशे बारांत एकही नाही. पिल्लं खोल पाण्यात राहत असावीत, असं सरांनी त्यावर लिहिलं होतं, आणि बाईंनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पर्सही खाली ठेवली नाही. नवऱ्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. तो हातातलं घड्याळ उघडं टाकून ऐकत राहिला.

"पण एकच प्राणी, दोन तऱ्हेची चोच, असं कसं होईल?" त्यानं विचारलं.

"तेच तर कळत नाही. चोच जन्मभर वाढत राहते, पण..."

"अगं ए," आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. त्यांना ऐकू येत नाही असं घरात सगळे धरून चालायचे, ते सोयीचं होतं म्हणून. "साडेचार महिने खाल्लं नाही म्हणतेस ना तिनं? मग चोच झिजेल कशी? आपली नखं नाही वाढत काम न करता? एवढं कळायला मायक्रोस्कोप लागतो?"

बाईंना हसू आलं आणि लगेच रडूही. सातवा प्राणी कुठेच नव्हता. ज्या माद्या अंड्यांपाशी बसून उपाशी राहिल्या, त्यांच्या चोची खेकडे न फोडल्यामुळे झिजल्या नाहीत, वाढत गेल्या. त्या ठराविक महिन्यांत अंडी फुटल्यावर अंगात त्राण नसलेल्या त्या कपारीबाहेर आल्या आणि कुठल्या तरी शार्कनं, कुठल्या तरी वामीनं गिळल्या. आणि बाईंनी त्या वेचून सातव्या कप्प्यात ठेवल्या. त्यांना वाईट वाटलं. साफ, सरळ वाईट वाटलं, आणि ते आधी त्या माद्यांबद्दल नव्हतं, स्वतःबद्दल होतं.

"कोणाकोणाला कळेल हे?" नवऱ्यानं विचारलं.

"मी सांगितलं नाही तर? कोणाला नाही."

"मग झालं तर." तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "मी तुझ्या जागी असतो तर सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"आणि तुम्ही जिन्यात सगळ्यांना सांगून बसला आहात," बाई आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या.

"त्याचं तू नको बघू," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगीन, जनावर मेलं म्हणून."

बुधवारी सकाळी बाईंनी जे केलं ते सांगायला हवं. त्यांनी ती चोच कुपीत घातली, वर स्पिरिट ओतलं आणि कुपी सातव्या कप्प्यात ठेवून दिली. चारशे तेरावी. गर्दीत एक माणूस वाढला तर कोणाला दिसतो? पुस्तक छापलं जाईल, सरांच्या डोळ्यांदेखत नाही तरी त्यांच्या हयातीत छापलं जाईल. आपण वर्षभरात निवृत्त होऊ. पुढे कोणी हुशार मूल येईल आणि शोधून काढील, तेव्हा काढील. असं ठरवून त्या शार्कच्या पोटाकडे वळल्या आणि दुपारपर्यंत चाळणीवर काम केलं. काम चांगलं झालं.

जेवणानंतर चिठ्ठ्या लिहायला बसल्या. कुपीत चिठ्ठी घातल्याशिवाय कप्पा बंद करायचा नाही, हा त्यांचाच नियम. तारीख लिहिली. माप लिहिलं. पुढची ओळ 'प्राणी'. सातव्या कप्प्यातल्या प्रत्येक चिठ्ठीवर या ओळीत त्यांनी एकच शब्द लिहिलेला होता, चारशे बारा वेळा: 'अज्ञात'. हात सवयीनं 'अ' काढून मोकळा झाला आणि थांबला. हिला त्या रोज सकाळी बघत होत्या. जिना चढण्याआधी टाकीपाशी थांबायच्या, ती अंड्यांवर झोत मारत असायची, डोळा बाईंवर असायचा. अज्ञात कसली? बाईंनी चिठ्ठी फाडली, कुपी सातव्या कप्प्यातून काढली, आणि मग बाकीच्या चारशे बारा कुप्याही टेबलावर मांडल्या.

बुधवार दुपारपासून गुरुवार दुपारपर्यंत त्यांनी एकेक चोच टोकावर कागद ठेवून पुन्हा ओळखली. तीनशे एकाहत्तर पहिल्या जातीच्या निघाल्या. एकोणतीस दुसऱ्या. बारा तिसऱ्या. सातवीच्या रचनेत बरीच विविधता आढळते, असं पुस्तकात एक वाक्य होतं. असणारच. ती जात नव्हतीच, ती वेगवेगळ्या घरच्या बायकांची एक रांग होती.

गुरुवारी चार वाजता त्या सरांच्या घरी गेल्या. दार सुनेनं उघडलं आणि ती चहा ठेवायला आत गेली. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर प्रुफांचा गठ्ठा, हातात बशीएवढं भिंग. त्यांना भिंगातूनही आता ओळी दिसत नव्हत्या, फक्त ओळी आहेत एवढं दिसायचं. बाईंनी वाटभर एक वाक्य घोकलं होतं. ते बोलायच्या आधीच सरांनी विचारलं, "काय आणलंय? स्पिरिटचा वास येतोय."

बाईंनी चोच त्यांच्या तळहातावर ठेवली. सरांनी बोटाचं टोक कडेवरून फिरवत पुढे नेलं आणि टोकाशी थांबले.

"सातवी," ते म्हणाले. मग बोट पुन्हा मागे गेलं. "ही पोटातली नाही. कड शाबूत आहे हिची." ते खुर्चीच्या दांड्याला धरून उभे राहिले, मांडीवरची पानं खाली सांडली. "प्राणी सापडला?"

त्यांचा चेहरा बघून बाईंना घोकलेलं वाक्य आठवेना. "सर, बसा," त्या म्हणाल्या. "ही पहिलीच आहे. पहिल्या जातीची. टाकीतली मादी."

सर बसले. बाईंनी क्रमानं सांगितलं: धक्का, टाकी, अंडी, साडेचार महिने. सरांचा आवाज चढला. "एका नमुन्यावरून? एका मेलेल्या मादीवरून तुम्ही जात रद्द करणार?" मग बाईंनी चारशे बारांचे आकडे सांगितले. सरांनी हरकती घेतल्या, एकामागून एक, जशा विद्यार्थ्याच्या प्रबंधावर घेत.

"म्हातारे नरही खाणं सोडतात."

"काही आठवडे, सर. टोक एवढं वाढायला महिने लागतात."

"लहान सातवी?"

"एकही नाही. कशी असेल?"

बाईंनी खाली सांडलेली पानं गोळा करून क्रमानं लावली.

"तीन वेळा बोट लागली मला," सर म्हणाले, आणि हसले, पण ते हसणं लगेच संपलं. "छापू दे, बाई. मी आहे अजून दोनतीन वर्षं. मागून तुम्ही दुरुस्ती काढा, माझी चूक म्हणून काढा. एकतीस वर्षं तुमचं नाव आभाराच्या पानावर शेवटून दुसरं छापलं मी. छायाचित्रकाराच्या खाली. मला ते सलतं. मला दुसरं काही देता येण्यासारखं नाही."

"मला हवं होतं ते, सर," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? फार हवं होतं. काल सकाळी मी ही चोच सातव्या कप्प्यात ठेवूनही दिली होती."

"मग काढली का?"

"त्या आया होत्या, सर. चारशे बारा. आपण त्यांना त्यांच्या माणसांतून उचलून वेगळ्या बसवल्या, परक्या म्हणून. आता वर माझं नाव घालायचं त्यांच्या?"

चहा आला. सुनेनं दोन्ही कप ठेवले, दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता गेली.

"सातव्या प्रकरणाची पानं मोकळी ठेवता येणार नाहीत," सर म्हणाले. आवाज आता कामाचा झाला होता. "पानांचे आकडे बदलले तर छापखाना ओरडेल."

"अंड्यांवर बसलेल्या मादीची चोच कशी ओळखावी, ते लिहिते मी. तेवढ्याच पानांत. उद्या सकाळी आणून देते."

"आणि पहिला प्रश्न?"

"तो शेवटी न्यायचा."

सर मान हलवत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. "नाव किती ठिकाणी आहे?"

"पाच. मथळा, वर्णन, चित्राखाली, तक्त्यात आणि सूचीत."

"छापखान्याला काट माझ्याच हातची लागते. दुसऱ्याच्या हातची घेत नाहीत ते, त्यांचा नियम आहे." त्यांनी पेन पुढे धरलं. ते हवेत, कागदापासून वीतभर वर होतं. "मला ओळ दिसत नाही, बाई. दाखवावी लागेल."

बाईंनी खिडकीतली लिहायची फळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावर मथळ्याचं पान सपाट मांडलं. छापील अक्षर मोठं होतं, काळंभोर, स्वच्छ. त्यांनी ते आधी पाहिलं नव्हतं. आपलं नाव छापलेलं कसं दिसतं, ते त्यांनी एकदा शेवटपर्यंत वाचून घेतलं.

"इथे?" सरांनी पेन टेकवत विचारलं.

"नाही, ती वरची ओळ. खाली या. अजून थोडं डावीकडे."

"लांब किती आहे?"

"तीन बोटं."

बाईंनी सरांचा हात मनगटाशी धरला, पेनाचं टोक आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर आणून टेकवलं आणि म्हणाल्या, "हं, ओढा."